सशाच्या किडनीचा रिपोर्ट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सशांच्या रक्ततपासणीविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना एकच गोष्ट विचारायची आहे : क्रिएटिनिन किती झालं म्हणजे आशा सोडायची? (क्रिएटिनिन आणि बीयूएन, म्हणजे युरियातला नायट्रोजन, हे किडनीने बाहेर टाकायचे रक्तातले टाकाऊ पदार्थ.) असा एकच आकडा सांगता येत नाही. तो का सांगता येत नाही, ते पहिल्या उत्तरात सविस्तर दिलं आहे. बाकीचे प्रश्नही त्याच्याच अवतीभवतीचे आहेत.

प्रश्न : आमचा ससा पाच वर्षांचा, वजन २.१ किलो. दोन दिवस त्याने काहीच खाल्लं नाही, लेंड्याही बंद. रक्त तपासलं तर बीयूएन ६२ आणि क्रिएटिनिन २.९ आलं. किडनी फेल झाली आहे असं आम्हाला सांगितलं. आता त्याच्या हातात किती दिवस आहेत?

उत्तर : एवढ्यावरून किडनी निकामी झाली असं म्हणता येत नाही, त्यामुळे दिवस मोजायचा प्रश्न अजून आलेलाच नाही. निरोगी सशाचं बीयूएन साधारण १३ ते २९ आणि क्रिएटिनिन ०.५ ते २.५ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर असतं. तुमच्या सशाचे दोन्ही आकडे वाढलेले आहेत हे खरं. पण दोन दिवस न खाल्लेला ससा आतून कोरडा पडलेला असतो. हिरव्या चाऱ्यातून मिळणारं पाणी बंद होतं, पोटातला ऐवज घट्ट होतो, रक्ताचं आकारमान घटतं आणि किडनीला रक्त कमी पोहोचतं. त्यातच दुखणं, प्रवास, अनोळखी हात यांच्या भीतीने शरीरात अॅड्रेनालिन उसळतं. सशात त्याने किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळला जातो, लघवी काही काळ अगदी कमी होते. अशा वेळी पूर्ण धडधाकट किडनी असलेल्या सशाचाही युरिया आणि क्रिएटिनिन वाढतं.

म्हणून बिघाड कुठे आहे हे आधी ठरवावं लागतं. तो किडनीच्या आधी असू शकतो, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडलेला. खुद्द किडनीत असू शकतो. किंवा किडनीच्या पुढे, म्हणजे खड्यामुळे लघवीची वाट अडलेली असू शकते. रक्ताचा रिपोर्ट तिन्ही प्रकारांत सारखाच दिसतो. फरक कळतो तो लघवीवरून, एक्स-रे-सोनोग्राफीवरून आणि सलाईन दिल्यानंतरच्या दुसऱ्या रक्ततपासणीवरून.

लघवीचा नमुना सलाईन सुरू करण्यापूर्वी घ्यायला हवा. सगळ्यात जास्त वेळा हीच गोष्ट राहून जाते, आणि एकदा सलाईन गेलं की तो पुरावा परत मिळत नाही. ट्रेमधला भुसा काढून ती कोरडी, स्वच्छ ठेवा आणि सिरिंजने लघवी उचला, किंवा डॉक्टर सोनोग्राफीत पाहत सुईने थेट मूत्राशयातून घेतील. सशाची लघवी मुळातच चुनखडीसारखी गढूळ असते आणि गढूळ थेंबात घनता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरची रेघ नीट दिसत नाही. त्यामुळे नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं नितळ पाणी तपासावं. निरोगी सशात लघवीची विशिष्ट घनता १.००३ पासून १.०३६ पर्यंत काहीही असू शकते, म्हणून एरवी पातळ लघवीला फारसा अर्थ नाही. पण ससा कोरडा पडलेला आहे, रक्तातला युरिया वाढलेला आहे आणि तरी लघवी १.०१० च्या आसपास पातळच आहे, तर मात्र किडनीला पाणी राखता येत नाही असा त्याचा अर्थ. याउलट घनता १.०२५ च्या वर असेल तर किडनी आपलं काम करते आहे, दोष दुसरीकडे शोधायचा.

त्यानंतर सलाईन. सशाची रोजची गरज साधारण १०० मिलि प्रति किलो धरतात, म्हणजे तुमच्या सशाला २१० मिलि. शरीरातलं पाणी ७ टक्के घटलं आहे असा डॉक्टरांचा अंदाज असेल तर त्याचे जवळपास १५० मिलि वेगळे. असे सुमारे ३६० मिलि पहिल्या २४ तासांत हळूहळू, शक्यतो शिरेतून. हृदयाचा आजार असेल तर हे प्रमाण कमी करावं लागतं. मग २४ ते ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणी.

क्रिएटिनिन २.९ वरून दीडच्या खाली आणि बीयूएन तिशीच्या आत आलं, तर किडनीला दोष देऊ नका. खाणं का बंद झालं ते शोधा, आणि ती शोधाशोध दातांपासून सुरू करा. आकडे निम्म्यावर येऊन अडकले तर सलाईन चालू ठेवून आणखी दोन दिवसांनी पाहायचं. पुरेसं पाणी गेलं, लघवीही भरपूर होते आहे आणि आकडा तसूभर हलत नाही, तेव्हा दोष किडनीतच आहे असं म्हणायला आधार मिळतो. आकडे चढत आहेत आणि लघवी होत नाही, तर वाट अडली आहे असं समजून त्याच दिवशी एक्स-रे काढायला हवा. सशाचे खडे कॅल्शियमचे असतात, एक्स-रेवर पांढरे स्वच्छ दिसतात.

यात औषधांचंही एक पाहा. मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक सशांना नेहमी दिलं जातं आणि ते चांगलं औषध आहे, पण कोरड्या पडलेल्या सशात ते किडनीचा उरलासुरला रक्तपुरवठा कमी करतं. सलाईन सुरू होऊन लघवी वाहती होईपर्यंत ते थांबवून तोवर ब्युप्रेनॉर्फिनसारखं दुसरं वेदनाशामक देता येतं का, हे विचारा. वेदना तशीच ठेवणं हा पर्याय नाही, कारण दुखत असलेला ससा खात नाही. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मात्र अशा सशाला टाळलेलंच बरं.

प्रश्न : एकाच दिवशी दोन लॅबमध्ये रक्त दिलं. एकीकडे २० आलं, दुसरीकडे ४३. कोणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : दोघांवरही. पहिल्या लॅबने बीयूएन दिलं आहे, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. दुसरीने पूर्ण युरिया दिला आहे. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो : २० गुणिले २.१४ म्हणजे ४२.८. तुमचा ससा दोन्हीकडे एकच आणि नॉर्मल आहे.

ही गफलत फार महागात पडते. रिपोर्टवर ‘युरिया’ लिहिलेलं असतं, पण ताडून पाहायचा तक्ता असतो बीयूएनचा, आणि बऱ्या सशावर आजाराचा शिक्का बसतो. परदेशी माहिती वाचताना मिलीमोलमधले आकडे दिसतात. युरिया मिलीमोलमध्ये असेल तर बीयूएनसाठी २.८ ने गुणा. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ ने भागा. कॅल्शियमला ४ ने, ग्लुकोजला १८ ने आणि फॉस्फरसला ३.१ ने गुणलं की मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर येतं. रिपोर्टच्या कोपऱ्यात एकक छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय आकडा वाचू नका. कुत्र्या-मांजरांच्या किंवा माणसांच्या मर्यादा छापलेल्या असतील तर बाजूला येणाऱ्या वाढ-घटीच्या खुणा सशासाठी निरुपयोगी आहेत.

प्रश्न : कॅल्शियम १५.२ आलं आणि रिपोर्टवर लाल खूण. बाकी युरिया, क्रिएटिनिन, फॉस्फरस सगळं नीट. तरी किडनीची सुरुवात असू शकते का?

उत्तर : माणसात १५.२ हा तातडीने दवाखान्यात भरती करण्याचा आकडा झाला असता. सशात तो वरच्या काठावरचा आहे, एवढंच. निरोगी सशांचं एकूण कॅल्शियम साधारण १२ ते १५ च्या आसपास असतं. इतर प्राण्यांचं आतडं गरजेपुरतंच कॅल्शियम शोषतं. सशाचं आतडं मिळेल तेवढं बरंचसं शोषून घेतं आणि जादा झालेलं बाहेर टाकायचं काम किडनीवर सोडतं. इतर सस्तन प्राण्यांच्या किडन्या गाळलेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम २ टक्के लघवीत सोडतात, सशात हे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत जातं. लघवी पांढरट दिसते ती यामुळेच.

आता यातून पुढचा मुद्दा निघतो आणि तो महत्त्वाचा आहे. किडनीच थकली तर कॅल्शियमला बाहेर जायची वाट उरत नाही आणि ते रक्तात साचतं. म्हणून सशाच्या किडनीच्या आजारात कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही चढलेले दिसू शकतात. असं झालं की त्यांचे क्षार महाधमनीच्या भिंतीत आणि किडनीत बसायला लागतात. एक्स-रेवर हृदयापासून निघणारी धमनी एरवी ठळक दिसत नाही. ती पांढऱ्या रेघेसारखी उमटली तर आजार जुना आहे आणि परिस्थिती गंभीर आहे. तुमच्या सशाचं फॉस्फरस नॉर्मल आहे, म्हणजे ४ ते ६.९ च्या आत, आणि क्रिएटिनिनही नीट आहे. म्हणजे हे बहुधा आहारातून आलं. लसूणघास किंवा त्याच्या गोळ्या चालू असतील तर बंद करून साधं वाळलेलं गवत द्या, पेलेट मोजून द्या, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. जमलं तर आयनाइज्ड कॅल्शियमची, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमची, तपासणीही करून घ्या. मात्र कॅल्शियम पूर्ण तोडू नका. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि त्यांना ते लागतं.

प्रश्न : रक्त द्यायच्या आधी रात्रभर उपाशी ठेवायचं का? आणि एवढ्याशा जिवाचं किती रक्त काढतात?

उत्तर : उपाशी अजिबात ठेवायचं नाही. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे भूल देण्याआधीही त्याचं खाणं तोडत नाहीत. उपाशी ठेवलं तर आतडं मंदावतं आणि तपासणीच्या नादात नवाच आजार उभा राहतो. फक्त वेळ शक्यतो तीच ठेवा, कारण युरिया दिवसभरात आणि खाण्यानुसार थोडा वर-खाली होतो.

सशाच्या शरीरात किलोमागे ५५ ते ६५ मिलि रक्त असतं. दोन किलोच्या सशात ११० ते १३० मिलि. निरोगी सशाचं एका वेळी दहावा भाग काढता येतो, आजारी सशाचं त्याच्या निम्म्याहून जास्त काढू नये. पण किडनीच्या तपासणीला आणि रक्तपेशींच्या मोजणीला मिळून दीड-दोन मिलि पुरतात, त्यामुळे याची चिंता नको. मागच्या पायाच्या बाहेरच्या बाजूची शीर यासाठी सोयीची. बारीक सुईतून जोराने ओढलं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यातलं पोटॅशियम व फॉस्फरस सीरममध्ये उतरून दोन्ही खोटेच वाढलेले दिसतात. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतलं रक्त चुकून दुसऱ्या नळीत गेलं तर पोटॅशियम गगनाला भिडतं आणि कॅल्शियम तळाला जातं. असा विचित्र जोड दिसला की घाबरण्याआधी नमुन्यावर शंका घ्या. रिपोर्टच्या तळाशी ‘हिमोलाइज्ड’ (पेशी फुटलेला नमुना) लिहिलं असेल तर त्यातले पोटॅशियम-फॉस्फरस धरूच नका.

प्रश्न : क्रिएटिनिन १.८ म्हणजे नॉर्मल. पण आमची सशी महिनाभर बारीक होते आहे, पाणी फार पिते, ट्रे रोज भिजलेला. डॉक्टर म्हणतात किडनी ठीक आहे. आम्हाला पटत नाही.

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. रक्तातले आकडे वाढतात तोवर किडनीची बरीचशी क्षमता आधीच गेलेली असते, अर्ध्याहून जास्त. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू झडलेल्या सशात ते तयारच कमी होतं, त्यामुळे मांडीला हाडं लागत असलेल्या सशाचं १.८ हे धष्टपुष्ट सशाच्या १.८ इतकं निर्धास्त नाही.

आधी पाणी मोजा. बाटली गळते, म्हणून जड वाडग्यात मोजून पाणी ठेवा, शेजारी तेवढंच पाणी भरलेला दुसरा वाडगा सशाच्या आवाक्याबाहेर ठेवा आणि २४ तासांनी दोन्हींत उरलेलं मोजा. दुसऱ्यात जेवढं आटलं तेवढं हिशोबातून वजा करा. दिवसाला किलोमागे ५० ते १५० मिलि पाणी नेहमीचं आहे. ओला पाला खाणारा ससा कमी पितो, कोरड्या चाऱ्यावरचा जास्त. सलग तीन दिवस १५० च्या वर जात असेल तर ते जास्तच. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

मग डॉक्टरांकडून लघवीतल्या प्रोटीन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर करून घ्या. निरोगी सशात ते ०.११ ते ०.४० असतं. नुसत्या पट्टीवर प्रोटीनची किंचित खूण निरोगी सशातही उमटते, ती धरू नका. सोनोग्राफीत किडन्यांचा आकार, कडा आणि खडे पाहावेत. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, ३३ ते ५० असतो. जुन्या किडनीच्या आजारात तो घसरतो. एसडीएमए ही किडनीचीच आणखी एक रक्ततपासणी मिळत असेल तर करा, पण तिच्या एकट्या आकड्यावर निर्णय नको, महिन्याच्या अंतराने दोनदा करून कल पाहा.

दातही पाहून घ्यायला हवेत. दात टोचत असलेला ससा कोरडं खाणं सोडतो, बारीक होतो, आणि अन्न कमी झालेले काही ससे पाणी उलट जास्त पितात.

प्रश्न : रिपोर्टमधल्या कोणत्या गोष्टींवरून ससा वाचेल की नाही याचा अंदाज येतो? आम्हाला खोटी आशा नको.

उत्तर : एका आकड्यावर भविष्य सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो धीर देत असो वा घाबरवत असो. काही गोष्टी एकत्र पाहिल्या की अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, आणि त्यातल्या निम्म्या किडनीच्या रकान्यात नसतात.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे गुदद्वाराचं तापमान. निरोगी सशाचं ते ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. दवाखान्यात आणलेल्या सशांच्या पाहणीत असं दिसलं आहे की आल्या वेळचं तापमान एकेका अंशाने कमी असेल तसा मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट होत जातो. ३६ अंशांचा गार पडलेला ससा आणि बीयूएन ५० हे ३९ अंशांचा ससा आणि बीयूएन ८० यापेक्षा जास्त चिंतेचं आहे. असा ससा आधी सावकाश उबेला आणायचा, सलाईनही शरीराच्या तापमानाला आणून द्यायचं, बाकी तपासण्या मागून.

दुसरं, ससा खातो का. युरिया वाढलेला असूनही जो ससा स्वतःहून गवत ओढतो त्याची बाजू खूप भक्कम असते. युरिया वाढलेला आणि खाणं पूर्ण बंद, ही जोडी वाईट. न खाणाऱ्या सशात चरबी वितळून यकृतात साचते आणि रक्त आम्लधर्मी होतं. लठ्ठ सशात हे फार वेगाने घडतं. सशाची लघवी एरवी अल्कधर्मी असते, पीएच ८ ते ९. ती पट्टीवर ६ दाखवायला लागली तर शरीर आम्लाशी झगडतं आहे असं समजावं.

तिसरं सोडियम. ते १२९ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या खाली गेलेल्या सशांमध्ये पुढच्या काही दिवसांतल्या मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त आढळला आहे. साखर फार वाढलेली असेल तर सोडियम खोटं कमी दिसू शकतं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आणि साखर स्वतःही खूप काही सांगते : नेहमीची ७५ ते १५५ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर. ताणाने ती दोनशे-अडीचशेपर्यंत सहज जाते. ३६० च्या वर गेली तर आतड्यात अडथळा आहे का हे तातडीने पाहायला हवं. अशा सशाच्या किडनीवर चर्चा करत बसलं तर तो आतड्यापायी जातो.

किडनीपुरतं बोलायचं तर पूर्ण सलाईननंतरचा आकडा हाच खरा आकडा. त्यातही फॉस्फरसकडे जास्त लक्ष द्या. क्रिएटिनिन ३ वर स्थिर, फॉस्फरस ६, पीसीव्ही ३५, वजन टिकून आणि ससा खातो आहे, असे ससे आहार आणि पाणी सांभाळून महिनोन् महिने, कधी त्याहून जास्त काळ बरे राहतात. क्रिएटिनिन तेवढंच पण फॉस्फरस १०, कॅल्शियम १७, पीसीव्ही २४ आणि मांड्या झडलेल्या, हे चित्र फार वेगळं आहे. पीसीव्हीही सलाईननंतरच बघायचा, कारण कोरड्या पडलेल्या सशात रक्त दाट होऊन अॅनिमिया झाकला जातो. पोटॅशियम खरोखर ७ च्या वर असेल आणि हृदयाचे ठोके मंदावले असतील तर तो प्रश्न तासांचा आहे. लघवी अडली आहे का ते लगेच पाहावं लागतं, आणि अडथळा वेळेत निघाला तर असे ससे सुधारूही शकतात.

दोन-तीन दिवस नीट सलाईन, ऊब, वेदनाशामक आणि भरवणं चालू असूनही आकडे चढत असतील, लघवी होत नसेल, ससा कोपऱ्यात दात खात आक्रसून बसत असेल, तर डॉक्टरांशी शांतपणे त्याला वेदनारहित मरण देण्याबद्दल बोलायला हवं. हा विषय तुम्ही स्वतः काढलात तरी चालतो. त्यात सशाचा विश्वासघात होत नाही.

प्रश्न : डॉक्टरांनी घरी त्वचेखाली सलाईन द्यायला सांगितलं आहे, रोज ६० मिलि. भीती वाटते. भरवण्याचंही सांगा.

उत्तर : पहिल्या वेळी डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने एकदा करून बघा, भीती तिथेच निम्मी होते. घरी बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा आणि थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहा. गरम लागता कामा नये. ससा मांडीवर किंवा न घसरणाऱ्या टॉवेलवर, तोंड तुमच्यापासून उलट दिशेला. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचला. २१ गेजची नवी सुई तिच्या बुडाशी, पाठीला समांतर आत सरकवा. सिरिंज किंचित मागे ओढा. रक्त आलं तर बाहेर काढून दुसरीकडे टोचा. हवा आली किंवा केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे. मग सावकाश सोडा, ३० मिलि एका जागी आणि ३० दुसऱ्या. सुई काढल्यावर जागा अर्धा मिनिट चिमटीत दाबून धरा.

कातडीखाली फुगा येतो आणि तो ओघळून पुढच्या पायाकडे उतरतो. घाबरू नका, काही तासांत जिरतो. पण दुसऱ्या दिवसाची वेळ आली तरी तो तसाच असेल तर नवा डोस देऊ नका, फोन करा. रक्ताभिसरण मंद पडलं असावं किंवा पाणी जास्त होतंय. श्वास जलद झाला किंवा नाकातून पाणी आलं तरीही थांबा. दिलंय तेच सलाईन वापरा. पाच टक्के डेक्स्ट्रोज त्वचेखाली द्यायचं नसतं, आणि रिंगर लॅक्टेटमध्ये थोडं कॅल्शियम असल्यामुळे कॅल्शियम वाढलेल्या सशाला डॉक्टर बहुधा नॉर्मल सलाईन देतात.

भरवण्यासाठी तृणभक्षी प्राण्यांची रिकव्हरी पावडर मिळते. तिची पातळ खीर करून दिवसाला किलोमागे सुमारे ५० मिलि, चार ते सहा वेळांत. सिरिंजचं टोक पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने ठेवा आणि एका वेळी अर्धा ते एक मिलि. तो चावतो आणि गिळतो हे दिसल्याशिवाय पुढचा घोट नको, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. पोट फुगलेलं आणि ताणलेलं लागत असेल तर भरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. गवत समोर कायम हवं. पाला धुऊन ओलाच द्या, पाणी वाडग्यात. प्रोटीन कमी करायच्या नादात खाणं कमी करू नका. फॉस्फरस वाढलेलं असेल तर डॉक्टर अन्नासोबत ते पोटातच बांधून ठेवणारं अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड देतात. फॉस्फरस बांधणारी पण कॅल्शियम असलेली औषधं सशाला देऊ नयेत.

प्रश्न : ई. क्युनिक्युलायची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. किडनी त्यानेच गेली का? त्याच्या जोडीदाराचं काय?

उत्तर : एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय हा परजीवी सशांच्या किडनीला जुनाट सूज आणतो हे नक्की. पण आयजीजी (जुन्या संपर्काची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह एवढंच सांगते की ससा कधीतरी त्याच्या संपर्कात आला होता. असे कितीतरी ससे जन्मभर ठणठणीत असतात. आयजीएम ही दुसरी अँटिबॉडीही वाढलेली असेल तर संसर्ग ताजा किंवा पुन्हा जागा झाल्याची शक्यता वाढते. आयजीजी निगेटिव्ह आली असती तर मात्र किडनीच्या जुन्या आजाराचं हे कारण बहुतेक बाद झालं असतं.

नेहमीचा उपचार म्हणजे फेनबेंडाझोल हे परजीवीनाशक, किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. सशाचं त्या दिवशीचं वजन करून डोस काढा. अंदाजाने जास्त दिलं तर अस्थिमज्जेतल्या पेशी घटू शकतात, म्हणून मधे एकदा रक्तपेशी मोजून घ्या. औषध परजीवीवर चालतं. किडनीत आधीच पडलेले व्रण त्याने भरून येत नाहीत, त्यामुळे कोर्स संपल्यावर क्रिएटिनिन तेवढंच राहिलं तरी औषध वाया गेलं असं समजू नका.

जोडीदाराला वेगळं करू नका. ते एकत्र राहत होते म्हणजे संपर्क होऊन गेलेला आहे, आणि जोडी तोडल्याच्या ताणाने आजारी ससा खाणं सोडतो. दोघांची तपासणी आणि गरज पडली तर औषध एकाच वेळी करा. बीजाणू लघवीतून बाहेर पडतात आणि कोरड्या जागी काही आठवडे टिकतात. म्हणून ट्रे रोज रिकामा करून आधी साध्या पाण्याने लघवी पूर्ण धुवा आणि मगच उकळतं पाणी ओता, किंवा पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने काढा. लघवी तशीच ठेवून त्यावर ब्लीच टाकलं तर तिच्यातल्या अमोनियाशी मिळून घातक वायू तयार होतो. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा अवयवरोपण झालेलं असेल, तर हे काम त्यांनी करू नये आणि सशाच्या आजाराबद्दल त्यांच्या डॉक्टरांना सांगून ठेवावं.